दर जानेवारीत सकाळी मंदावणारा रेकॉर्ड चेंजर

आधी लक्षण सांगतो. यंत्र जुनं, रेकॉर्डींची चळत एकामागोमाग वाजवणारं आणि आयडलरवर (मोटर आणि थाळी यांच्यामधल्या रबरी कडेच्या चाकावर) चालणारं. मे महिन्यात ठीक, पावसात ठीक, दिवाळीतही ठीक. डिसेंबर संपत आला की सकाळी लावलेली रेकॉर्ड जड वाजू लागते, षड्ज खाली बसतो, बाईचा आवाज बाप्याचा वाटायला लागतो. अर्ध्या तासात थोडं सुधारतं आणि अकरा वाजता लावलं तर सगळं जागच्या जागी. दुरुस्ती करणारा दुपारी येतो. त्याच्यासमोर यंत्र उत्तम वाजतं, म्हणून तो रबर पुसतो, कुठेतरी ग्रीस लावतो आणि जातो. फेब्रुवारीत तक्रार आपोआप थांबते, पुढच्या जानेवारीत परत येते.

आमच्याकडे हे तीन वर्षं चाललं. यंत्र माझ्या मामांचं, गोव्यात फोंडा तालुक्यात सावईवेऱ्याला कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) घरी आहे. मामा पंच्याऐंशीच्या पुढचे. पहाटे उठून चहा होईपर्यंत दोन रेकॉर्डी ऐकायच्या, हा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम. जवळच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर हा त्यांचा जीव की प्राण. ज्यांनी केसरबाईंना मैफलीत समोर बसून ऐकलं, त्यांना त्या दीड पट्टी खाली उतरलेल्या ऐकवत नाहीत. मामा काही बोलत नसत, नुसता आर्म (सुईचा दांडा) उचलून बाजूला ठेवत. ते मला बघवत नव्हतं.

पहिल्या वर्षी मीही सगळे करतात तेच केलं, आयडलर पुसला. दुसऱ्या वर्षी आयडलरचं रबर नव्याने चढवून घेतलं, थाळीखालचं मधलं बेअरिंग धुऊन तेल घातलं. दोन्ही वेळा काम संपेपर्यंत दुपार झालेली असायची, आणि दुपारी ते यंत्र बिघडलेलं नसायचंच. माझी दुरुस्ती लागू पडली असं मला दोन्ही वेळा वाटलं. प्रत्यक्षात फक्त ऊन वर आलं होतं.

म्हणून या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आधीच लिहून टाकतो. परत परत येणारा बिघाड कुठे आहे हे शोधण्याआधी तो केव्हा येतो ते लिहून ठेवा. महिना, वेळ, यंत्र सुरू केल्यापासून किती मिनिटांनी. या तीन नोंदींवरून निम्मे संशयित गळून पडतात.

यंत्र कोणतं ते कसं ओळखलं

आजोबांनी हे पेटीसकट मडगावहून आणलं होतं, गोवा मुक्त होण्याआधी. त्या काळी गोव्यात परदेशी माल सहज मिळे, म्हणून आपल्याकडच्या जुन्या घरांत इंग्लिश, डच, जर्मन यंत्रं अजून सापडतात. पेटीवरची पितळी पट्टी केव्हाच गेलेली. पण पट्टी असती तरी तिने फार काही सांगितलं नसतं. पेटी आणि रेडिओ एका कंपनीचा, आतला चेंजर भलत्याच कंपनीचा, हा तेव्हाचा सर्रास प्रकार होता. इंग्लंडमधल्या दोन कंपन्या, स्विंडनची गॅरार्ड आणि बर्मिंगहॅमकडची बीएसआर, असंख्य रेडिओवाल्यांना तयार चेंजर पुरवत असत. तेव्हा सुटे भाग शोधायचे असतील तर पेटीचं नाव विसरा, डेक उचलून खाली बघा.

थाळी काढायची म्हणजे मधल्या दांड्याशी असलेली इंग्रजी सी अक्षरासारखी क्लिप सरकवायची, आणि दोन्ही बाजूंनी बोटं घालून थाळी सरळ वर उचलायची. काही यंत्रांत क्लिप नसते, थाळी नुसती बसवलेली असते. आमच्या डेकच्या खालच्या अंगाला शिक्का होता आणि त्यात स्विंडन स्पष्ट वाचता येत होतं. नंबर ‘आरसी’ या अक्षरांनी सुरू होणारा. आरसी म्हणजे रेकॉर्ड चेंजर.

शिक्का पुसला गेला असेल तर वेगाच्या खटक्यावरून काळ कळतो. नुसता ७८ असेल तर यंत्र बहुधा एलपीच्या आधीचं. एलपी १९४८ ला आली, ४५ ची छोटी तबकडी १९४९ ला. त्यामुळे ७८, ४५ आणि ३३ असे तीन वेग असतील तर ते त्यानंतरचं. १६ हा चौथा आकडा असेल तर पन्नाशीच्या दशकाच्या मध्यानंतरचं. आर्ममधून कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या टोकाच्या भागाला) दोनच वायरी जात असतील तर यंत्र मोनो. स्टिरिओ एलपी १९५८ पासून बाजारात आल्या, म्हणून दोन वायरींची यंत्रं बहुधा त्याच्या आधीची किंवा आसपासची. या मोनो यंत्रावर स्टिरिओ रेकॉर्ड लावू नका. जुन्या मोनो कार्ट्रिजची सुई आडवी हलते, वरखाली हलायला तिला मुभा नसते, आणि ती स्टिरिओ खाच खरवडून काढते.

मामांच्या यंत्रावर चारही आकडे आहेत. १६ वर काय वाजवायचं, असं मी लहानपणी विचारायचो आणि कुणाला सांगता येत नसे. त्या वेगाच्या तबकड्या भारतात क्वचितच आल्या. पण १९७७ साली दोन व्हॉयेजर यानांसोबत सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या ज्या तबकड्या अंतराळात गेल्या, त्यांचा वेग बरोबर हाच आहे, मिनिटाला १६⅔ फेरे. आणि त्यांवर भारतातर्फे आहे ती केसरबाईंची भैरवी. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. मामांना हे सांगितलं त्या दिवशी त्यांनी खटका १६ वर नेला आणि रिकामी थाळी बराच वेळ फिरू दिली.

केव्हा, ते शोधताना

तिसऱ्या वर्षी वही केली. वेग मोजायला कुठलंही उपकरण लागत नाही. थाळीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवा, खटका ३३ वर ठेवा आणि तीन मिनिटांत किती फेरे होतात ते मोजा. बरोबर १०० व्हायला हवेत. सुई रेकॉर्डवर टेकवूनच मोजा, कारण सुईचाही ओढा असतो.

झटपट बघायचं असेल तर स्ट्रोबोस्कोपचा छापील कागद मिळतो. आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर ३३⅓ साठी त्यावर १८० रेघा असतात, ७८ साठी ७७. वेग बरोबर असेल तर विजेच्या दिव्याखाली त्या थांबलेल्या दिसतात. तो एलईडी दिव्याखाली धरून बरेच जण फसतात. चांगला एलईडी लुकलुकत नाही, त्यामुळे रेघा थांबलेल्या दिसतच नाहीत. जुना पिवळा बल्ब घ्या, किंवा अंधार करून टेस्टरचा निऑन दिवा जवळ धरा.

४ जानेवारी, सकाळी साडेसहा: ९१ फेरे. सात वाजता: ९६. अकरा वाजता: १००. पुढचे आठ दिवस आकडे एखाद-दुसऱ्या फेऱ्याने इकडेतिकडे, पण क्रम तोच. ९१ म्हणजे सूर दीड पट्टीहून जास्त खाली. मामांनी आर्म उचलून ठेवला त्यात नवल नाही.

पहिला संशय विजेचा. आमच्या भागात संध्याकाळी व्होल्टेज पडतं हे खरं, पण पहाटे मल्टीमीटर लावला तर २२८ व्होल्ट. शिवाय ही मोटर प्रामुख्याने विजेच्या फ्रीक्वेन्सीवर चालते, थोड्याफार व्होल्टेजने तिला एवढा फरक पडत नाही. तो संशय संपला.

दुसरा संशय आयडलर घसरत असल्याचा. याबाबत एक गैरसमज इतका पसरलेला आहे की थांबून सांगायलाच हवं. रबर झिजून आयडलर लहान झाला म्हणून वेग कमी झाला, असं दुरुस्तीवालेसुद्धा सांगतात. हे चूक आहे. मोटरची पायऱ्यापायऱ्यांची पुली आयडलरच्या कडेला फिरवते आणि तीच कड थाळीच्या आतल्या काठाला फिरवते. मधलं चाक मोठं असो वा लहान, एका बाजूने जितकी कड सरकते तितकीच दुसऱ्या बाजूने. वेग ठरतो तो मोटरचे फेरे, पुलीचा व्यास आणि थाळीच्या आतल्या काठाचा व्यास यांवर. आयडलर कडक झाला तर घसरतो, त्याला खड्डा पडला तर धडधडतो, पण लहान झाल्याने वेग बदलत नाही. पुलीचं मात्र उलट आहे. ३३ ची पायरी जेमतेम सहा मिलिमीटरच्या आसपास असते. तिच्यावर मळाचा पातळ थर चढून व्यास ०.१ मिलिमीटरने वाढला तरी वेग दीड-पावणेदोन टक्क्यांनी वाढतो.

घसरणं ओळखायची खूण अशी: सुई टेकवल्यावर किंवा जड रेकॉर्ड ठेवल्यावर वेग एकदम पडतो, आणि ७८ वर थाळी उचल घ्यायला फार वेळ लावते. आमच्याकडे सुई असो नसो, ३३, ४५ आणि ७८ तिन्हीवर तूट सारख्याच प्रमाणात होती. सगळे वेग सारख्या प्रमाणात घटतात तेव्हा पुलीच्या आधीचं काहीतरी अडतंय. आधी आहे ती एकटी मोटर.

याची खात्री करायची चाचणी सोपी आहे. थाळी काढा, आयडलर पुलीपासून दूर राहील असा खटका ठेवा, मोटर सुरू करा आणि मग वीज बंद करून ती किती वेळ फिरत राहते ते बघा. निरोगी मोटर पाच-सहा सेकंद तरी घरंगळते. आमची दुपारी चार सेकंद, पहाटे एका सेकंदात थांबली.

आता मोटर गार असताना अडते आणि गरम झाल्यावर सुटते, याचं नेहमीचं कारण म्हणजे जुनं वाळलेलं ग्रीस. पण मग ते ऑगस्टमध्येही पहाटे अडायला हवं होतं. मामांना विचारलं. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत पहाटे लावलेल्या रेकॉर्डी ठणठणीत वाजल्या होत्या.

हा हिशेब करत मी ओसरीवर बसलो होतो तेव्हा मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, “तेल थिजलां, बाटली वतांत दवर रे.” खोबरेलाची बाटली माझ्या हातात दिली. आत पांढरं घट्ट. मी ती उन्हात ठेवली आणि परत येऊन मामीला विचारलं, की या यंत्राला तेल कोण घालतं.

तीच घालत होती. दर चवथीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची सजावट) बांधायच्या आधी घरातली समई, देवघराची कडी, झोपाळ्याच्या कड्या आणि हे यंत्र, सगळ्यांना पुसून एकेक थेंब तेल. यंत्राच्या मोटरवर तेलासाठी भोक ठेवलेलं आहे आणि बाजूला इंग्रजीत ‘ऑइल’ लिहिलेलं आहे. सासऱ्यांनी तिला ते दाखवलं होतं. कोणतं तेल, हे कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या घरात तेल म्हणजे खोबरेल. तिने निगराणी केली म्हणूनच हे यंत्र साठ वर्षं टिकलं, हे मी आधी नोंदवतो. शेजारच्या दोन घरांतली यंत्रं तेलाशिवाय जाम होऊन कधीच भंगारात गेली.

खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. पणजीपेक्षा आत, डोंगराच्या कुशीत आणि पाण्याच्या कडेला असलेल्या कुळागरात जानेवारीची पहाट २० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही गार असते. थंडीचे दिवस सोडले तर तिथे पारा सहसा इतका खाली जात नाही, तेल पातळ राहतं आणि वंगणाचं काम करतं. करडई किंवा सूर्यफुलाचं तेल असतं तर हवेने चिकट होऊन त्याचा डिंक झाला असता आणि बिघाड बारमाही झाला असता. खोबरेल तसं लवकर वाळत नाही. म्हणूनच हा आजार वर्षातून एकदाच यायचा आणि दर वेळी आम्हाला चकवायचा.

पुसून का जात नव्हतं

मी मोटरचं वरचं टोक दोनदा पुसून नवं तेल घातलं होतं. तरी फरक नाही. कारण या मोटरच्या बेअरिंगमध्ये छर्रे नसतात. कांस्याची पूड दाबून, भाजून केलेले सच्छिद्र बुश (दांडा ज्यात फिरतो त्या आखूड नळ्या) असतात. त्यांच्या आकारमानाचा साधारण पाचवा हिस्सा म्हणजे नुसती बारीक छिद्रं, आणि त्यांत तेल साठवलेलं असतं. मोटर तापली की ते बाहेर येतं, गार झाली की परत आत शोषलं जातं. साठ चवथींचं खोबरेल त्या छिद्रांत आणि भोवतीच्या नमद्याच्या चकत्यांत जाऊन बसलं होतं. वरून मशीनचं तेल घातलं तरी आतलं खोबरेल त्यात मिसळून परत दांड्याला लागायचं.

तेव्हा बुश आतून रिकामा करणं हाच उपाय. एक दिवसाचं काम नाही, पण अवघडही नाही.

मोटर उतरवण्याआधी भिंतीवरचा प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, जुन्या पेट्यांत बटण कुठल्या तारेवर आहे याचा भरवसा नसतो. काही जुन्या सेटमध्ये ट्रान्सफॉर्मरच नसतो आणि पत्र्याच्या सांगाड्यालाच वीज खेळत असते. तसं असेल किंवा तुम्हाला ओळखता येत नसेल, तर इथून पुढचं जाणकाराकडून करून घ्या.

मोटर तीन रबरी बोंडांवर टांगलेली असते. फोटो काढून वायरी सोडवा. मोटरच्या वरच्या आणि खालच्या टोप्यांवर आणि मधल्या पत्र्याच्या गठ्ठ्यावर एक उभी रेघ ओरखडून ठेवा, जोडताना त्याच दिशेने बसायला हवं. लांब स्क्रू काढले की टोप्या सुटतात आणि मधला रोटर (फिरणारा भाग) हातात येतो. तळाच्या बुशाखाली एक बारीक गोळी आणि एक-दोन चकत्या असतात. त्या निसटतात, म्हणून खाली पांढरा टॉवेल अंथरा. कोणती वर, कोणती खाली, तोही फोटो काढा.

आमच्या बुशांवर हिरवट थर होता. जुनं खोबरेल आंबलं की त्यातली आम्लं तांब्याला खातात, समईवर येतो तोच हा हिरवा रंग. दांडा मात्र गुळगुळीत होता, ओरखडे नव्हते. दांड्यावर चर पडले असतील तर धुऊन उपयोग नाही, बुश बदलावे लागतात.

टोप्या बुशासकट काचेच्या बरणीत घालून वर टर्पेंटाइन ओतलं, झाकण लावलं आणि बरणी अंगणात सावलीत ठेवली. वाइंडिंगला (मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यांना) हे अजिबात लागू देऊ नका. पहिल्या दिवशी टर्पेंटाइन पिवळट झालं. फेकून नवं घातलं. तिसऱ्यांदा बदललं तेव्हा ते स्वच्छ राहिलं. एकूण तीन दिवस. घाई म्हणून टर्पेंटाइन किंवा पेट्रोल गरम करण्याचा विचारही करू नका, तो भडका असतो. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून दिवसभर वाऱ्यावर वाळवलं. हे अल्कोहोल धातूवर आणि आयडलरच्या रबरावर चालतं, पण ७८ च्या तबकड्यांवर त्याचा थेंबही पडता कामा नये. त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

मग बुश परत भरणं. छोट्या स्टीलच्या वाटीत टर्बाइनचं तेल घेतलं, त्यात टोप्या बुडवल्या आणि ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली. थोड्या वेळात बुशातून बारीक बुडबुडे निघू लागतात, ती छिद्रांतली हवा. बुडबुडे थांबले की भांडं खाली उतरवायचं आणि सगळं तेलातच गार होऊ द्यायचं. गार होताना छिद्रं तेल आत ओढतात. टर्बाइनचं तेल नसेल तर शिलाई मशीनचं साधं तेल चालतं, फक्त ते पातळ असल्याने वर्षातून दोनदा थेंब घालावा लागेल. गंज सोडवायचा स्प्रे मात्र मारू नका. तो उडून जातो, मागे चिकट पापुद्रा राहतो आणि चार महिन्यांनी मोटर आणखी जाम होते.

नमद्याच्या चकत्या धुऊन बघितल्या, पण वास जाईना. म्हणून नव्या कापल्या. हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडे तसा नमदा असतो, त्याने मला तळहाताएवढा तुकडा पैसे न घेता दिला.

जोडणीत एकाच गोष्टीकडे लक्ष हवं. बुश आपल्या घरात किंचित डुलतात, दोन्ही एका सरळ रेषेत आले तरच रोटर मोकळा फिरतो. स्क्रू समोरासमोरचे थोडेथोडे आवळा, मधूनमधून टोपीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके टकटक करा आणि बोटाने दांडा फिरवून बघा. पहिल्यांदा आवळलं तेव्हा रोटर चिकटला. सैल करून परत केलं. चौथ्या खेपेला तो बोटाच्या टिचकीने भिंगरीसारखा फिरला.

मोटर बाहेर आहे तोवर आणखी एक काम उरकून घ्या. बटणाशी जोडलेला जुना मेणकागदी कपॅसिटर असतो, तो आज ना उद्या फुटतोच. त्या जागी त्याच क्षमतेचा, थेट मेनलाइनवर लावायला बनवलेला एक्स-टू वर्गाचा घाला. मोटरच्या वायरींचं रबर चिमटीत चुरा होत असेल तर त्याही बदला. पहिल्यांदा वीज देताना ६० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावा. बल्ब भक्कन पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

शेवटी पुली आणि आयडलर अल्कोहोलने पुसून घ्या, कारण हाताला लागलेलं तेल हमखास तिथे जातं. आणि यंत्र बंद करताना खटका मधल्या मोकळ्या जागी आणायची सवय लावा. आयडलर पुलीला दाबून महिनाभर उभा राहिला तर त्याला खड्डा पडतो आणि प्रत्येक फेऱ्याला धडधड ऐकू येते.

तुमच्याकडे वेळापत्रक वेगळं असेल तर

बाराही महिने, सकाळ-संध्याकाळ, तीन मिनिटांत ८३ च्या आसपासच फेरे होत असतील तर मोटर उघडूच नका. तिच्यात बिघाड नाही. ते यंत्र ६० हर्ट्‌झच्या देशातलं आहे. सासष्टी-बारदेशातल्या तारवटींच्या (जहाजांवर नोकरी केलेल्यांच्या) घरांत अशी यंत्रं मी बघितली आहेत, ११० व्होल्टची, सोबत स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रीक्वेन्सी बदलत नाही. ६० ऐवजी ५० मिळाले की वेग सहाव्या हिश्शाने घटतो आणि सूर तीन पट्ट्या खाली येतो. उपाय पुलीत आहे. प्रत्येक पायरी १.२ पट व्यासाची अशी नवी पितळी पुली लेथवर करून घ्या. काही कंपन्यांनी दोन्ही फ्रीक्वेन्सींच्या पुली बनवल्या होत्या, जुनी मिळाली तर उत्तमच. मोटर तरीही थोडी जास्त तापेल, म्हणून सलग तास-दोन तास चालवून हात लावून बघा.

वेग बरोबर, पण जूनपासून आवाज बारीक आणि पत्र्यासारखा होत गेला, दर पावसाळ्याला आणखी थोडा कमी, तर तो कार्ट्रिजचा दोष. जुन्या क्रिस्टल कार्ट्रिजमध्ये रोशेल मीठ नावाचा स्फटिक असतो आणि तो पाण्यात विरघळतो. गोव्याच्या पावसाळी हवेत तो टिकणं कठीणच. एकदा गेला की गेला, सुकवून परत येत नाही. त्याच मापाचं सिरॅमिक कार्ट्रिज बसवा, ते दमटपणाला दाद देत नाही. ॲम्प्लिफायर बदलला असेल तर त्याचा इनपुट एक मेगओहमचा आहे का ते बघा, कमी असेल तर खर्ज गायब होतो. सुईही दुहेरी असायला हवी. ७८ ची खाच रुंद असते, एलपीची बारीक सुई तिच्या तळाला घासत नुसती खरखर ऐकवते. आर्मचा भार सोनाराच्या छोट्या काट्यावर तोलता येतो. सिरॅमिकला पाच-सहा ग्रॅम ठीक.

प्रत्येक फेऱ्याला एकदाच सूर हेलकावत असेल तर दुसरी रेकॉर्ड लावून बघा. बहुतेक वेळा तबकडीचं भोकच मध्यावर नसतं आणि यंत्र निर्दोष असतं.

यंदाची नोंद

मामीला टर्बाइनच्या तेलाची छोटी पिचकारीची बाटली दिली आहे. तिने तिला लाल दोरा बांधून समईच्या तेलापासून वेगळी ठेवली. यंदा चवथीला तिनेच मोटरच्या भोकात दोन थेंब घातले, आणि पुलीवर ओघळलेला एक थेंब मला दाखवून पुसून घेतला.

६ जानेवारी, सकाळी साडेसहा. खोबरेलाची बाटली पुन्हा पांढरी झालेली. तीन मिनिटांत ९९ फेरे, सात वाजता १००. वीज बंद केल्यावर मोटर सात सेकंद फिरली. मामांनी भैरवीची बाजू लावली आणि ती पुरी होईपर्यंत चहा तसाच ठेवला. मोटरची तीन रबरी बोंडं कडक झाल्यामुळे शांत जागी हलकी घरघर अजून ऐकू येते. ती मे महिन्यात बदलणार आहे. तोवर वही यंत्राच्या खणातच ठेवली आहे.